अमानो श्रिंप: दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू (आणि ‘घरी सहज पिल्लं देते’ लिहिलेल्या त्या कार्डाबद्दल)

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे घाईत असलेले मोकळे. कोळंबीला पाचपैकी पाच, पॅकिंगला चार, आणि सोबत जे छोटं माहितीचं कार्ड आलं त्याला एक, तेही शून्य द्यायची सोय नाही म्हणून. कार्डावर तीनच ओळी होत्या. गोड्या पाण्यातली. शांत स्वभावाची. घरी सहज पिल्लं देते. यातली पहिली अर्धी खरी आहे, दुसरी पूर्ण खरी आहे आणि तिसरीने माझं जवळजवळ वर्ष खाल्लं. विक्रेत्याचं नाव लिहीत नाहीये, कारण तेच वाक्य मला नंतर अजून तीन ठिकाणी शब्दन् शब्द तसंच सापडलं, म्हणजे कुणीतरी एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी ढापलं, मग एकट्याला कशाला धरायचं.

घेतल्या कशासाठी तर शेवाळासाठी. माझ्या साठ लिटरच्या प्लांटेड टॅंकमध्ये (म्हणजे जिवंत झाडं लावलेल्या माशांच्या काचेच्या टाकीत) केसाळ शेवाळ इतकं माजलं होतं की झाडं खाली आणि वर हिरवी गोधडी, हाताने ओढून काढा, टूथब्रशला गुंडाळून काढा, चार दिवसांनी परत हजर. सगळीकडे एकच सल्ला, अमानो टाका. ही मूळची जपान-तैवानकडची नदीतली कोळंबी, जपानीत यामातो नुमा एबी, आणि अमानो हे नाव पडलं ताकाशी अमानो यांच्यामुळे, ज्यांनी टॅंकमध्ये अख्खी जंगलं उभी करायचं वेड जगाला लावलं आणि १९८० च्या दशकात शेवाळ खायला या कोळंबीला कामाला लावलं. जुन्या माहितीत तिचं शास्त्रीय नाव कॅरिडिना जपोनिका असं मिळेल, २००६ पासून कॅरिडिना मल्टिडेंटाटा म्हणतात. प्राणी एकच आहे, दोन नावं बघून गोंधळू नका, मी गोंधळले होते.

दहा मागवल्या, दहाही जिवंत आल्या. प्रत्येक पिशवीत धरून बसायला थोडं मॉस घातलेलं होतं ते आवडलं. एक गुण कापलाय कारण दोन पिशव्यांची गाठ अशी मारलेली की कात्री लावावीच लागली आणि अर्धं पाणी माझ्या मांडीवर. मग बारीक नळीने थेंब थेंब टॅंकचं पाणी सोडत दोन तास, आणि आत सोडल्यावर दहाच्या दहा गायब. तीन दिवस एकही दिसेना. बाबा म्हणाले, अगं मेल्या असतील. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर नऊ जणी फिल्टरच्या पाईपवर रांगेत बसून त्याच्यावरचं शेवाळ साफ करतायत.

यांचं खाणं जवळून बघण्यासारखं आहे हो. पुढच्या दोन जोड्या पायांच्या टोकाला नांगीपेक्षा जास्त ब्रश म्हणता येईल असे केसांचे झुबके असतात, त्याने शेवाळाचं पान पुसायचं, तोंडात घालायचं, दुसऱ्याने पुसायचं, तोंडात घालायचं, न थांबता, अगदी भांडी घासणाऱ्या माणसाच्या तंद्रीत. माशांचं खाणं टाकलं की मात्र शेवाळ-बिवाळ विसरून आख्खी गोळी मिठीत घेऊन झाडामागे पळतात. पाच आठवड्यांत टॅंक साफ. म्हणून प्रॉडक्ट म्हणून पाचपैकी पाच, याबद्दल वाद नाही. फक्त तांबं असलेलं कुठलंही माशांचं औषध टॅंकमध्ये घालू नका, कोळंब्यांना ते विष आहे.

आता त्या तिसऱ्या ओळीकडे येऊ.

नर-मादी ओळखायला सोपं आहे. अंगाच्या बाजूला खालच्या रांगेत लालसर ठिपके असतात, नराचे गोल गोल आणि मादीचे लांबट, तुटक रेघेसारखे, शिवाय मादी चांगली मोठी, पाच सेंटीमीटरपर्यंत जाते. मादीने कात टाकली की पाण्यात काहीतरी वास सुटतो, आणि मग सगळे नर वेड लागल्यासारखे टॅंकभर सुसाट पोहत सुटतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं पाण्यात विषबाधा झाली, मी घाबरून अर्धं पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी एका मादीच्या पोटाखाली गडद हिरवट अंड्यांचा गच्च घोस. पोटाखालच्या पोहायच्या पायांनी ती त्यांना सारखा वारा घालत असते, मधेच एखादं खराब अंडं काढून टाकते. मोजणार कोण, पण या जातीची मादी एका वेळी हजार ते तीन हजार अंडी धरते. तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती. कारण टॅंकवाल्यांकडे जी लाल चेरी श्रिंप असते ती वीस-तीसच अंडी देते, पण मोठी मोठी, आणि त्यातून थेट आईची छोटी झेरॉक्स बाहेर पडते. हजारो बारकी अंडी ज्याला द्यावी लागतात त्या प्राण्याची पिल्लं कुठल्यातरी लांबच्या आणि धोक्याच्या प्रवासाला निघणार असतात. हे शहाणपण अर्थात नंतरचं.

चारेक आठवड्यांनी अंडी फिकी पडली, आत डोळ्यांचे काळे टिंब दिसायला लागले, आणि एका रात्री लाईट बंद करून टॉर्च मारला तर पाण्यात धूळ. नीट बघितलं तर धूळ हलतेय. दोन मिलिमीटरचं पारदर्शक काहीतरी, डोकं खाली शेपूट वर, उलटं टांगल्यासारखं, झटका देऊन वर येतं, हळूहळू खाली जातं, पुन्हा झटका. टॉर्च जिकडे नेईन तिकडे अख्खा ढग माझ्यामागे. रात्री दोन वाजता मी घरच्यांना उठवलं. कुणी फारसं खूश नव्हतं.

पाचव्या दिवशी ढग गायब. एकही नाही. विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं, फिल्टरने ओढली असतील मॅडम, स्पंज लावा. लावला. दोनेक महिन्यांनी दुसरी मादी, पुन्हा ढग, पुन्हा गायब. तिसऱ्या वेळी मी शंभरेक पिल्लं टॉर्चने एका कोपऱ्यात गोळा करून नळीने ओढून वेगळ्या बरणीत ठेवली, फिल्टर नाही, मासे नाहीत, फक्त टॅंकचंच पाणी. तिसऱ्या दिवशी ठीक. चौथ्या दिवशी सुस्त. सहाव्या दिवशी तळाला पांढरा थर. म्हणजे फिल्टरचा काही संबंधच नव्हता. तेव्हा एकदाची वाचायला बसले आणि घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं.

ही कोळंबी अर्धं आयुष्य समुद्राची आहे. मोठी झाली की नदीत राहते, नदीतच जोडी जमते, नदीतच अंडी फुटतात, पण फुटलेलं पिल्लू म्हणजे अळी नदीत वाढूच शकत नाही. ती प्रवाहाबरोबर खाली खाली वाहत समुद्राला मिळते, तिथे खाऱ्या पाण्यात बऱ्याच वेळा कात टाकते, रूप बदलते, आणि मग नखाएवढी खरीखुरी कोळंबी होऊन पुन्हा नदीच्या तोंडाशी येते आणि उलटी चालत, चढत, वर. सालमनसारखं नाही, सालमन मोठा होऊन समुद्रातून अंडी घालायला नदीत येतो. ईलसारखंही नाही, ती अंडी घालायला समुद्रात जाते. इथे प्रवास करतात ती बाळं, जाताना बाळ, येताना पण बाळच. याला अँफिड्रोमस म्हणतात, मराठी शब्द मला माहीत नाही, सुचला तर सांगा.

अळी निघते तेव्हा तिच्याजवळ थोडा बलक शिदोरी म्हणून असतो. त्यावर काही दिवस निघतात. तेवढ्यात खारं पाणी लागलं तर ठीक, नाहीतर संपलं. मिसिसिपी नदीत मॅक्रोब्रॅकियम ओहिओने नावाची कोळंबी आहे, तिच्या अळ्यांवर काम झालंय, त्यात दिसलं की पहिल्या अवस्थेतली अळी काही खात नाही आणि मीठ मिळेपर्यंत दुसऱ्या अवस्थेत जातच नाही. म्हणजे माझ्या बरणीतल्या त्या शंभर जणी सहा दिवस समुद्राची वाट बघत होत्या. वाचून खूप वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि या चुकीत मी एकटी नाही हे कळल्यावर जरा बरं वाटलं. नदीतली ती मोठ्या निळ्या नांग्यांची कोळंबी असते ना, मॅक्रोब्रॅकियम रोसेनबर्गी, जिची आज जगभर शेती होते, तिच्या अळ्या कुणालाच जगवता येत नव्हत्या. १९६१ च्या सुमारास मलेशियात पेनांगला शाओ-वेन लिंग हे एफएओचे (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचे) तज्ज्ञ त्याच्या मागे लागले होते, अळ्या मरायच्या, पुन्हा मरायच्या. असं सांगतात की वैतागून त्यांनी स्वयंपाकघरातलं जे हाताला येईल ते एकेका भांड्यात घालून बघितलं आणि सोया सॉस घातलेल्या भांड्यातल्या अळ्या तरतरीत झाल्या. सॉसमधलं काय लागू पडलं तर मीठ! गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असेलही (इथे फक्त मीठच म्हणा), पण त्या अळ्यांना मचूळ पाणी लागतं हे लिंग यांनीच शोधलं आणि त्यावर सगळी हॅचरी उभी राहिली.

आता माझा शहाणपणा ऐका. रोसेनबर्गीच्या अळ्यांना लिटरला १२ ग्रॅमच्या आसपास खारटपणा चालतो असं वाचलं आणि मी चौथ्या खेपेला अमानोच्या अळ्यांना तेच दिलं. बारा दिवस काढले त्यांनी, मागच्या दुप्पट, मी मनातल्या मनात पेढे वाटले, आणि तेराव्या दिवशी सकाळी सगळं शांत. रोसेनबर्गीची अळी खाडीच्या मचूळ पाण्यात वाढते, त्यांच्या माद्या तर अंडी फुटायच्या आधी स्वतःच खाडीकडे खाली जातात. अमानो ही छोट्या, उतरणीच्या नद्यांची, तिथून अळी भर्रकन समुद्रात जाऊन पडते, तिला समुद्रच लागतो. एकीचं माप दुसरीला लावायचं नाही.

पाचव्या वेळी नीट केलं. समुद्री टॅंकसाठी मिळतं ते मीठ (साधं खायचं मीठ नको, त्यात समुद्रातले बाकीचे क्षार नसतात), लिटरला साधारण ३५ ग्रॅम, रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायच्या यंत्राने) मोजून. दहा लिटरचा डबा, फिल्टर नाही, एअर पंपाचे मोजून चार बुडबुडे, वर दिवा चोवीस तास, कारण अळ्या उजेडाकडे जातात आणि त्यांचं खाणं म्हणजे सूक्ष्म हिरवं शेवाळ तेही उजेडावर वाढतं. ते समुद्री शेवाळ, टेट्रासेल्मिस, बाटल्यांमध्ये खिडकीत मुरवत ठेवलं होतं, घरात सगळीकडे हिरव्या बाटल्या, पाहुण्यांना वाटायचं काढा आहे. अंडीवाली मादी आधीच वेगळ्या गोड्या पाण्याच्या भांड्यात ठेवायची, पिल्लं झाली की तिला परत टॅंकमध्ये, आणि अळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत खाऱ्या पाण्यात. रोज ड्रॉपरने तळाचा कचरा काढायचा आणि त्यात चुकून ओढल्या गेलेल्या अळ्या भिंगातून शोधून परत टाकायच्या. माझी पाठ गेली.

अडतिसाव्या दिवशी डब्याच्या भिंतीला एक काहीतरी चिकटलेलं दिसलं. सरळ. डोकं वर, पोट काचेकडे, पाय टेकवलेले. महिनाभर जी जमात उलटी टांगून झटके देत होती त्यातली ही एक रात्रीतून सुलटी झाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन पावलं पुढे चालली. आकार सात-आठ मिलिमीटर असेल नसेल, मिशा, ब्रशवाले हात, सगळं जागच्या जागी. पुढचे तीन आठवडे रोज एक-दोन जणी अशा उतरत होत्या. उतरल्या की त्यांना समुद्र नको असतो, मग पुन्हा थेंब थेंब करत गोड्या पाण्यात. शेवटी जगल्या तेवीस. सुरुवातीला किती होत्या मला माहीत नाही, काही शे नक्की.

म्हणून कार्डावर राग आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अमानो नदीतूनच पकडून आणलेल्या असतात, कारण घरी वाढवणं हे असं आहे. आणि नदीत तिचं गणित फार नाजूक आहे, वरून खाली रस्ता मोकळा पाहिजे आणि खालून वरही. पोर्तो रिकोत रिओ एस्पिरितु सांतो नावाच्या नदीवर एक छोटा बंधारा आणि पाणी उपसायची जागा आहे, तिथला १९९९ सालचा अभ्यास वाचला. तिथल्या कोळंब्या अमानो नाहीत, पण त्यांच्या अळ्यांचाही असाच प्रवास असतो. खाली वाहत निघालेल्या त्या अळ्यांपैकी सरासरी ४२ टक्के त्या पाण्याबरोबर आत ओढल्या जात होत्या, आणि नदीला पाणी कमी असेल तेव्हा शंभर टक्के. म्हणजे आमच्या विक्रेत्याचं ‘फिल्टरने ओढली’ हे उत्तर तिथे बरोबर ठरलं असतं! गंमत म्हणजे उपाय पण साधा निघाला. अळ्या अंधार पडल्यावर निघतात (माझ्याकडेही रात्रीच निघाल्या होत्या), म्हणून संध्याकाळनंतर पाच तास उपसा थांबवला तर मरणाऱ्यांचं प्रमाण ११ ते २० टक्क्यांवर येतं असा त्यांचा हिशोब. मोठं उंच धरण असेल, पाणी वरून सांडतच नसेल, तर मात्र परत येणाऱ्या पिल्लांना चढायला ओलं काही उरत नाही आणि वरची नदी कोळंबीविना राहते.

चढण्यावरून आठवलं, तक्रार म्हणून नाही पण सूचना म्हणून लिहिते, टॅंकला झाकण पाहिजेच. दुसऱ्या आठवड्यात एक जमिनीवर सापडली, टॅंकपासून चांगली दोन मीटर लांब, धुळीत माखून कडक झालेली. म्हणून आता नऊ. तेव्हा वाटलं पाण्यात काही बिघाड असेल, पण पाणी तपासलं तर ठीक होतं. माझा अंदाज असा की ज्या प्राण्याने लहानपणी धबधब्याशेजारचे ओले कातळ चढून वर यायचं असतं त्याला काचेची भिंत आणि फिल्टरची वायर म्हणजे काहीच नाही. थायलंडमध्ये उबोन रात्चथानी भागात तर नदीतल्या कोळंब्या प्रवाह फार जोराचा लागला की रात्री सरळ पाण्याबाहेर येऊन काठाच्या खडकांवरून रांगेने चालत वर जातात, ते बघायला लोक गर्दी करतात. वायर जिथून आत जाते तिथली फट मी स्पंजने बुजवली, त्यानंतर एकही गेली नाही.

तर घ्यायच्या का? शेवाळ खायला हव्या असतील तर डोळे झाकून घ्या, नीट ठेवल्या तर दोन-तीन वर्षं आरामात काम करतात. पिल्लांच्या आशेने घेत असाल तर चेरी घ्या, त्यांना समुद्र लागत नाही. आणि दोन्हीची हौस असेल तर आधी मीठ, रिफ्रॅक्टोमीटर आणि हिरव्या बाटल्या तयार ठेवा, मगच मादीकडे बघा, कारण तिने अंडी धरली की तुमच्याकडे चार-पाच आठवडेच असतात आणि शेवाळ वाढायला त्यातले दोन जातात.

विक्रेत्याला हे सगळं लिहून पाठवलं होतं. कार्ड बदला, निदान तिसरी ओळ खोडा, एवढंच मागितलं. चार दिवसांनी उत्तर आलं, ‘अभिनंदन मॅडम! तेवीसपैकी काही विकणार का?’

नाही विकणार. त्यातल्या सर्वात मोठीच्या अंगावरचे ठिपके परवापासून लांबट दिसायला लागलेत, आणि खिडकीत बाटल्या परत भरून ठेवल्यात.